मधल्या रेषेची वाट पाहणारे कर्कटक

माझ्या डाव्या टोकावर एक तांबूस ठिपका आहे. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. तो गंजाचा आहे. मी किती काळ खणात पडून होते, ते त्याच्यावरून कळते.

मित्रांनो, मी एक जुने पितळी कर्कटक आहे. टोके तेवढी पोलादाची. सागरी नकाशांवर अंतरे मोजण्यात माझे तारुण्य गेले. कागदी समुद्रावरून टोके टेकवत चालायचे, हेच माझे सुख. मग संगणक आले. कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कच्या एका नकाशा-कार्यालयात, बंद खणात, मी कागदाचा वास आठवत राहिले.

२००९च्या हिवाळ्यात तो खण सुनेत्राबाईंनी उघडला. त्या तिथल्या नकाशातज्ज्ञ, मूळच्या पुण्याच्या. चीनचे लिनसाहेब आणि जपानचे मोरीसाहेब सागरी हद्दीच्या वाटाघाटींसाठी, तटस्थ जागा म्हणून, तिथे येणार होते.

"लॅपटॉपवर दोन मिनिटांत मेजर होतं रे हे," बाई सहकारी डेस्मंडला म्हणाल्या.

"होतं गं. पण कोणाच्या लॅपटॉपवर?" वसईचा डेस्मंड हसला.

एकाच्या यंत्रावर दुसऱ्याचा विश्वास नव्हता, म्हणून मी! पण एकाने मोजले की दुसरा म्हणे, "तुमचा हात हलला." असे दोन हिवाळे गेले. दोन्ही देशांनी एकमेकांचे कोळी अडकवून ठेवले होते. हद्द ठरल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती. लिनसाहेबांच्या गावचा एक मुलगाही त्यांत होता.

"त्याची आई फोनवर एवढंच विचारते, कधी?" चहा घेताना ते म्हणाले. मोरीसाहेबांनी कप खाली ठेवला.

अखेर दोन्ही राजधान्यांतून मधल्या रेषेला, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्याच अंतरावरच्या हद्दीला, परवानगी आली. तरी कोणी बोलेना. आधी बोलेल तो वाकला, असे घरी म्हणतील ना!

त्या दिवशी बाईंनी माझ्या सांध्याचा स्क्रू किंचित पिळला. मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत माझे धाकटे भावंड असेल. त्याच्या टोकाने बाक कोरू नका. त्याचा सांधा जपा. सैल झाला तर माप टिकत नाही, फार आवळला तर तो उघडतच नाही.

"एक पाय तुम्ही धरा, एक तुम्ही," बाई पाहुण्यांना म्हणाल्या.

दोघांनी धरले. दोन किनाऱ्यांवर माझी दोन टोके, वर सांधा, आणि त्याच्या बरोबर खाली मधली जागा. एकाने जरी हात काढला असता, तरी मी कोसळले असते. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. हात कोणीच काढला नाही.

लिनसाहेब हळूच म्हणाले, "त्या आईला आज काय सांगू?"

मोरीसाहेबांनी माझ्या सांध्याखाली बोट ठेवले. "सांगा, मुलगा निघाला. ही मधली रेष आम्हाला मान्य आहे."

"आम्हालाही."