पाऊलचाचणी

‘सदर संस्थेचा परिसर शांत असून ही शांतता सर्व सभासदांच्या सहमतीने राखली जाते.’ घर विकायला काढणाऱ्या प्रत्येक सभासदाने आपल्या जाहिरातीत हे वाक्य छापलेच पाहिजे, असा त्या सहकारी गृहसंस्थेचा दंडक होता. ग्रंथपालबाईंनी ते निमूटपणे छापले. परंतु आयुष्य दुसऱ्यांची वाक्ये सांभाळण्यात गेले असल्यामुळे, या एका वाक्यात किती असत्ये गुण्यागोविंदाने नांदत आहेत हे त्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. परिसर शांत होता, हे खरे. कोपऱ्यावरची बेकरी बंद पडली, समोरची शाळा दुसरीकडे गेली, तेव्हापासून तिथे आवाज करायला कुणी उरलेच नव्हते. जे आपोआप आहे ते कुणी राखत नसते. सहमतीचे म्हणावे, तर सभासदांना कधी कुणी विचारलेच नव्हते, आणि न विचारलेल्या माणसाचा नकार ऐकू येत नाही म्हणून तो होकार धरण्याची तिथली पद्धत होती. राहता राहिले ‘सर्व सभासद’. ते तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत आणि त्यांना अध्यक्ष म्हणत.

बाईंचे घर म्हणजे बरोबर त्यांच्या डोक्यावरची एक खोली. खिडकीशी पलंग, पडद्याआड ओटा, न्हाणीघराच्या दाराला टेकून उभे राहणारे घडीचे टेबल. उरलेल्या जागेत पुस्तके आणि पुस्तकांमधून वाट काढणाऱ्या बाई. खोली त्यांना अपुरी कधीच वाटली नव्हती. ती विकायची होती ती धाकट्या बहिणीसाठी. दूरच्या गावी एकटी राहणाऱ्या त्या बहिणीची दृष्टी झपाट्याने जात होती.

“ताई, काल पोस्टमनला तू समजून मिठी मारली,” बहिणीने फोनवर सांगितले होते.

“अगं बाई! मग?”

“मग काय, आता तो रोज येतो. हसू नकोस. डॉक्टर म्हणतात, मधलं गेलं, कडेचं तेवढं दिसतंय. तू आलीस की जरा कडेला उभी राहा म्हणजे झालं. पण कडा आहेत तोवर ये गं.”

जाणे बाईंच्या हातात नव्हते. उपनियमांप्रमाणे घर भाड्याने देता येत नसे, आणि बंद ठेवले तर सभासदत्व रद्द होई. म्हणजे आधी विकायचे, मग निघायचे. आणि विकायचे तर खरेदीदाराने पाऊलचाचणीला उतरायला हवे होते.

ही चाचणी म्हणजे अध्यक्षांच्या प्रतिभेचे अपत्य होते. खरेदीदाराने वरच्या खोलीत एकट्याने चालायचे, खुर्ची सरकवायची, कपाट उघडून मिटायचे आणि एक चमचा जमिनीवर पाडायचा. खाली अध्यक्षांनी दार लावून, डोळे मिटून, आरामखुर्चीत ऐकायचे. एकाग्रतेला बाध नको म्हणून दोन्ही खोल्यांत तिसऱ्या कुणाला मज्जाव होता. मग निकाल. एका प्राध्यापकाच्या पावलांत अहंकार आढळला. एका शिंप्याची चाल अनियमित ठरली. एक विधुर गृहस्थ इतके हळू चालले की ते काहीतरी लपवत असले पाहिजेत, असा निष्कर्ष निघाला. जोरात चालणारा उद्धट आणि हळू चालणारा लबाड, अशा शास्त्रात उत्तीर्ण होण्याची सोय कुठे असते? सभासद माना डोलावत. अध्यक्षांचा कान तयार आहे, असे जिन्यात एकमेकांना सांगत.

अखेर एक भूलतज्ज्ञ आल्या. कापडी बूट, हळू आवाज.

“लोकांना झोपवण्यावरच माझं पोट आहे, बाई,” त्या म्हणाल्या. “वर राहून मी कुणाची झोप मोडीन?”

चाचणीच्या दुपारी बाई किल्ली मुठीत धरून फाटकाजवळच्या बाकावर बसल्या. ठरलेली वेळ झाली, टळली. मग फोन वाजला. तातडीची शस्त्रक्रिया निघाली होती. आज जमत नाही, अध्यक्षांना तेवढं कळवाल का, असे भूलतज्ज्ञ घाईघाईने म्हणाल्या. बाई तिसऱ्या मजल्यावर गेल्या. घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडले. अध्यक्षांचे केस एका बाजूने उभे राहिले होते आणि गालावर उशीच्या शिवणीचा लांब वळ होता.

“काका, त्या डॉक्टरीणबाई—”

“ऐकलं सगळं,” अध्यक्ष म्हणाले. “नाही जमायचं. टाचा फार वाजतात. आणि खुर्ची अशी ओढली, की इथे माझा कप हलला.”

बाईंचे उरलेले वाक्य ओठांपर्यंत आले होते. त्यांनी ते गिळले. ग्रंथालयात गोंगाट करणाऱ्यांवर त्या कधी ओरडल्या नव्हत्या. जवळ जाऊन फक्त उभ्या राहत. तशाच त्या उभ्या राहिल्या. हा मनुष्य आरामात घोरत असताना तिकडे एकेका महिन्याने आपल्या बहिणीचे जग मधूनच पुसले जात होते, हे त्यांना या क्षणी लख्ख दिसले.

“संध्याकाळच्या सभेत असंच सांगाल ना, काका?”

“शब्दशः.”

सभेत त्यांनी शब्दांत थोडी भरच घातली. तळघरातल्या बाकांवर सगळे सभासद दाटीवाटीने बसले होते. “पावलांत घाई,” अध्यक्ष म्हणाले. “दवाखान्यातली माणसं. त्यांना शांततेची सवय कुठली?” सचिव भराभर लिहून घेत होते.

“चमचा पाडला का त्यांनी?” बाईंनी विचारले.

“पाडला. दोनदा.”

“आणि खिडकी?”

“उघडली, आणि आपटून लावली! तुमच्याच काचा, बाई, तुम्हालाच काळजी हवी.”

बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. “या खोलीची दुसरी किल्ली नाही. ही दुपारभर माझ्या मुठीत होती. खोलीला कुलूप होतं. त्या बाई शस्त्रक्रियेत अडकल्या होत्या, त्या आल्याच नाहीत.”

मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी निरागसपणे विचारले, “मग खुर्ची कुणी ओढली म्हणायची?”

“आजी, तुम्ही गप्प बसा हो,” त्यांची सून म्हणाली आणि स्वतःच फस्सकन हसली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, “भुताला सभासद करून घ्या, ते कसंही चाललं तरी भाडेकरू ठेवणार नाही.” हसणे बाकाबाकांवरून पुढे सरकत गेले.

आजवर माना डोलावणारे हेच लोक होते, हे बाई विसरल्या नव्हत्या. त्यांना हसताना पाहून बाईंना मुळीच हसू आले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “अर्ज मताला टाका.” सचिवांनी टाकला. हात वर गेले. आजींनी दोन्ही वर केले. भूलतज्ज्ञांना घर मिळाले आणि बाईंना रजा.

मग सचिवांनी लेखणी पुन्हा उचलली आणि खाली मान घातलेल्या अध्यक्षांना विचारले, की आधीच्या अर्जदारांचे तरी आपण ऐकले होते का. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि जे सांगितले ते इतिवृत्तात असे आहे:

“ऐकलं कुणाचंच नाही. पहिल्याच वेळी खुर्चीत डोळा लागला. उठून दार उघडलं, तर तुम्ही सगळे जिन्यात माझ्या तोंडाकडे बघत उभे. हो म्हटलं असतं तर आपापल्या घरी गेला असतात. नाही म्हटलं, तर आत येऊन बसलात, चहा घेतलात, ‘काका, आता काय करायचं’ म्हणून विचारलंत. तेव्हापासून मी नाहीच म्हणत आलो. नाही म्हणायला आधी ऐकावं लागतं, असं उपनियमांत कुठेही नाही. मला माहीत आहे, ते मीच लिहिलेत.”