तिच्या खुंट्या, त्यांचा ट्रायपॉड

मासिकाचं मुखपृष्ठ धाकटीला पहिल्यांदाच मिळत होतं. एरवी ती पासपोर्टचे फोटो काढून पोट भरायची. अट एकच, बागेचा फोटो दुसऱ्या कुठेही छापला जाता कामा नये. म्हणून तिने ताईची बाग निवडली. सख्ख्या बहिणीइतकं खात्रीचं दुसरं कोण?

तयारीत तिने जीव ओतला होता. सकाळचं ऊन भिंतीवरून पहिल्यांदा कुठे उतरतं, ते बघायला कितीदा तरी कुडकुडत बसली. गर्द कुंपणापुढे पांढरे गुलाब, मागून ऊन, पाकळ्या आतून पेटल्यासारख्या. एवढंच चित्र, आणि तो उजेड हातातला चहा संपेपर्यंतच टिकायचा. ट्रायपॉडच्या पायांच्या जागी तिने खुंट्या ठोकल्या. ताईला बजावलं, छाटणी करू नकोस, पडलेल्या पाकळ्या झाडू नकोस, पाणी मुळाशीच घाल. ताईने सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. कधी नव्हे ते ताई आपलं काम मनावर घेतेय, म्हणून धाकटीला भरून आलं होतं.

फोटो काढायच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटची नजर टाकायला ती न सांगताच आली. खुंट्यांवर ट्रायपॉड उभा होता. मागे एक नावाजलेले फोटोग्राफर, ज्यांना सगळे 'सर' म्हणतात ते. भावोजी त्यांना कॉफी देत होते आणि ताई त्यांना समजावत होती, ऊन कुठून येईल, कधी येईल. शब्दसुद्धा धाकटीचेच.

तिला बघून ताईचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग ती सांगत सुटली, सरांचं पुस्तक येतंय, आपल्या बागेला अख्खी पानं मिळणार, भावोजींच्या ऑफिसातले सगळे बघतील. मासिकाची अट तिला माहीत नव्हती, असं मुळीच नाही.

"तुझं काय गं, तू घरचीच," ताई म्हणाली. "आलीच आहेस तर तो पांढरा रिफ्लेक्टर धर ना. त्यांचा माणूस आला नाही."

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. परक्याने चोरलं असतं तर चार शिव्या घालून ती मोकळी झाली असती. इथे चोराचा हात धरून बहिणीनेच त्याला आत आणलं होतं, वर हिलाच राबायला सांगत होती.

भिंतीच्या कडेवर ऊन आलं. सर कॅमेऱ्यावर वाकले. धाकटी सरळ गुलाबांपुढे गेली आणि चौकटीच्या मधोमध मांडी ठोकून बसली.

सरांनी बाजूला व्हायला सांगितलं. भावोजींनी आवाज चढवून तिची लाज काढली. ताई जवळ येऊन दातओठ खात पुटपुटली, "ऊठ. तमाशा करू नकोस."

"मागून ऊन हवं, हे तुला कुणी गं शिकवलं?" धाकटीने सरांना ऐकू जाईल असं विचारलं.

सरांनी पायाखालच्या खुंट्या बघितल्या आणि काही न बोलता लेन्सवर झाकण लावलं. तोवर ऊन सगळीकडे पसरलं होतं. पाकळ्या विझून नुसत्या पांढऱ्या उरल्या होत्या.

या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं भावोजींनी बजावलं. धाकटीने ताईकडे पाहिलं. ताई मातीकडे बघत राहिली.

फाटकाबाहेर येऊन तिने संपादकबाईंना फोन लावला, बाग हातची गेली म्हणून सांगितलं. बाग कुणाची होती, असं त्यांनी विचारलं.

"होती एका ओळखीच्या बाईंची," धाकटी म्हणाली.