उशिरा बोलणारा पाइप

जुन्या चर्चचं छप्पर खचलं, चर्च बंद झालं आणि तिथला पुरातन ऑर्गन शेजारच्या गावातल्या चर्चने मागून घेतला. तो सुटा करून तिकडे उभारायचं काम वादकाच्या भाचीकडे आलं. ऑर्गनच्या दुरुस्तीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ते तिला पुरेपूर ठाऊक होतं. कामात कुणी खोट काढली की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा.

ऑर्गन वाजवणारा तिचा सख्खा मामा. उभा जन्म त्याने त्या बाकड्यावर काढलेला. सुटे पाइप तो स्वतः जुन्या चादरींत गुंडाळत होता. सगळ्यांत मोठा लाकडी पाइप खाली आला, तेव्हा मात्र तो आडवा उभा राहिला.

"एवढ्याला हात लावू नकोस."

"का? तू पायपट्टी दाबतोस आणि हे साहेब सवडीने हुंकार देतात!"

"देऊ दे की. अख्खं चर्च त्याच्यासाठी थांबायचं. गाण्याची ओळ संपली की सगळे एक जादा श्वास घ्यायचे. तुझी आईसुद्धा."

आईचं नाव काढलं की भाची विरघळते, हे मामाला पक्कं माहीत होतं. या वेळी ती बधली नाही.

"मामा, झडपेचं चामडं वाळून कडक झालंय, म्हणून तो उशिरा बोलतो. तसंच ठेवलं तर लोक मला हसतील."

"मग वाजवायला दुसरा बघ," म्हणत मामा तरातरा निघून गेला.

तिने चामडं बदललंच. पट्टी दाबताच पाइप बोलला. ती खूश झाली. मामाने मात्र तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

नव्या जागी पहिल्या प्रार्थनेला तो येईल की नाही, याचा नेम नव्हता. आला. कडक इस्त्रीचा कोट घालून बाकड्यावर बसला. जुन्या चर्चची मंडळी मागच्या रांगांत दाटीवाटीने बसली होती. पहिली ओळ संपली. मागच्या रांगा सवयीने श्वासाला थांबल्या आणि ऑर्गन पुढे निघून गेला. सगळा विचका झाला. जुनी माणसं बिचारी ओशाळून गेली.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी मामाने पाय उचलला आणि पट्टीवर न टेकवता तसाच धरला. मागच्यांचा श्वास घेऊन झाला, मग टेकवला. भाची बाजूलाच उभी होती, म्हणून तिला तेवढं दिसलं. पुढच्या कडव्यात तर नव्या चर्चची माणसंही थांबायला लागली.

तिथला कारभारी तिच्या कानाशी आला. "बाई, तो मोठा पाइप अजून मागेच राहतोय. ते काम राहिलंच की तुमचं."

तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. नवं चामडं, नवी झडप, सगळं ओठांवर आलं. तिने मामाकडे पाहिलं. पाय अधांतरी धरून तो मागच्या रांगांची वाट बघत होता.

"हो," ती म्हणाली. "तेवढं नाही जमलं मला."