बनवणाऱ्याचं नाव

“वांडा, दिवा नीट धर गं! तिला सांधा दिसू दे.”

डॅडींचा हा आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा, शेडमधला. वांडा तेव्हा सतराची, दिवा धरणारी; नेडीन बाराची, लोखंडाला लोखंड जोडणारी. ठिणग्या उडायच्या धाकटीच्या हातून, आणि चटके बसायचे थोरलीला. हात तिचा, हेवा हिचा.

तोच आवाज आज वाहनांची नोंद करायच्या कचेरीत, खिडकीशी वांडाच्या कानात आला. मागल्या महिन्यात आर्कान्सासच्या बाजाराला शेळ्या नेताना राज्याच्या हद्दीवर पोलिसानं तिला अडवलं होतं. ट्रेलरला नंबर नाही, मालकीचा कागद नाही. कागद होईतो तो रस्त्यावर आणायचा नाही. आणि वांडाचं पोट त्या शेळ्यांवर.

खिडकीपलीकडच्या फ्रीडानं फॉर्म सरकवला. “कारखान्यातला की घरचा?”

“घरचा.”

“मग इथं बनवणाऱ्याचं नाव. शपथेवर हं, नोटरीसमोर सही. तुला काय, तूच बनवलास. सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

गावाला ठाऊक होतं, कारण वांडानं तसं ठाऊक होऊ दिलं होतं. कधीतरी चर्चच्या जेवणात कुणीतरी ट्रेलरची तारीफ केली, आणि ती नुसती हसली. त्या हसण्यावर बत्तीस वर्षं निघाली. ट्रेलर बनवला होता नेडीननं, विसाव्या वर्षी, एकटीनं. लग्न करून गावात गेली तेव्हा म्हणाली, “राहू दे तुलाच.” तोंडी दिलेलं, कागद कुणी केला नाही.

दुसऱ्या दिवशी शेरिफचा माणूस, कर्टिस, ट्रेलर तपासायला अंगणात आला. वाकून त्यानं सांध्यांवरून बोट फिरवलं.

“काय हात आहे गं, वांडा! आमच्या फाटकाची बिजागरी तुटलीय. येशील का जोडायला?”

“डोळे गेले आता माझे.”

“डोळे गेले? रविवारी मी तिसऱ्यांदा केक घेतला तो चर्चच्या हॉलच्या त्या टोकावरून दिसला तुला!”

तो हसत सही करून गेला. वांडा मात्र पायरीवर फॉर्म घेऊन बसली. तीनदा पेन त्या रेघेवर टेकवलं. स्वतःचं नाव लिहावं तर देवाची खोटी शपथ. नेडीनचं लिहावं तर आधी मालक तीच ठरणार, आणि तिनं बक्षीस दिल्याची सही केल्याशिवाय कागद नाही. म्हणजे पुन्हा तिच्याच दारी हात पसरायचा.

नेडीनचं वेल्डिंगचं दुकान गावाच्या तोंडाशी होतं. दारावर हातभर अक्षरांत तिचं नाव. वांडा त्या पाटीकडे न बघता आत शिरायला शिकली होती. नेडीननं तोंडावरची काच वर सरकवली, हात पुसले, फॉर्म वाचला.

“अगं, मग अडलंय कशाला? तुझंच नाव लिही. मी कुठं नाही म्हणणारेय? इतकी वर्षं वागवलास, पत्रे बदललेस, रंग दिलास. आणि गावात काय सांगतेस ते मला कधीचं कळलंय. कर्टिसची बायको इथंच येते ना शेतीची अवजारं जोडून घ्यायला!”

ती हसली. त्या हसण्यात काटा नव्हता, आणि तेच वांडाला रुतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. खोटंसुद्धा हिनं द्यायचं, तेव्हा आपल्याला मिळायचं.

“नको मला तुझं दान,” वांडा म्हणाली. “सगळं तुझंच होतं. शेड तुझी, डॅडी तुझे. शेवटची दोन वर्षं भरवलं मी, न्हाऊ घातलं मी, आणि त्यांचे डोळे दाराकडे. तुझी गाडी वाजली की उठून बसायचे.”

“उठून बसायचे, पण बोलायचे का?” नेडीन हळूच म्हणाली. “पाऊसपाणी, शेळ्या, बस्स. मी शेड सोडून गेले ना, त्यानंतर माझ्या कामाबद्दल एक शब्द नाही. या दुकानात एकदा पाऊल टाकलं नाही त्यांनी. मला वाटायचं, त्यांच्या मनातून उतरले मी. तुझा हेवा वाटायचा गं. तुझ्याजवळ तरी ते होते.”

 पन्नाशी उलटलेल्या बहिणीच्या काजळलेल्या गालावरून पाण्याची एक रेघ निघाली होती.

वांडानं फॉर्म ओढून घेतला आणि त्या रेघेवर, बनवणाऱ्याच्या जागी, नेडीनचं नाव लिहिलं. पेन खाली ठेवलं. मग, सहा वर्षं जिभेखाली धरलेलं बोलली.

“शब्द होता, नेडीन. डॅडी गेले त्या सकाळी बोलले. म्हणाले, ‘तिला सांग, मी रोज अंगणात खुर्ची टाकून बसायचो तो तिचा ट्रेलर बघायला. माझ्यानं तसा झाला नसता.’ सांग म्हणाले होते. मी नाही सांगितलं.”