धुतलेल्या कणकेचं मांस

बिश्केकजवळच्या तोकमोकच्या बाजारात सायराकानच्या हातच्या शेवयांना तोड नव्हती. लाटलेली पोळी ती इतकी बारीक कापायची की गिऱ्हाईक बायका म्हणत, “एजे, ताई गं, सुरी चालवतेस की केस विंचरतेस?” पण तिच्या स्वतःच्या लेकीनं त्या शेवयांना हात लावणं सोडलं होतं.

लेक पेरिझात कुस्ती खेळायची. वीस वर्षांची, बिश्केकमध्ये पैलवानांच्या वसतिगृहात राहणारी. दोन वर्षांपूर्वी तिनं कुमार गटात पदक आणलं, तेव्हा तिच्या बापाला, जुमादिलला, आभाळ ठेंगणं झालं. त्यानं अख्ख्या गल्लीला जेवण घातलं. पाहुण्यांनी बोटं चाटली, पेरिझातनंही चार घास जास्तच खाल्ले. सकाळी ती तबेल्यात गेली तर तिची घोडी जागेवर नव्हती. सहा वर्षांची असल्यापासून ती याच घोडीच्या पाठीवर वाढलेली.

“घोडी कुठं गेली, बाबा?” तिनं बापाला विचारलं.

“अगं, तुझ्याच मानासाठी! घोडी कापण्यापेक्षा मोठा मान काय करणार तुझा?” जुमादिल कौतुकानं म्हणाला.

त्या दिवसापासून पेरिझातनं मांस सोडलं. मग दूध, दही, अंडी. बाप रागावला, आत्या रडल्या, मुल्लांनी समजावलं. ती ढिम्म हलली नाही. सत्तावन्न किलोच्या गटात ती जिंकत होती तोवर तिचे प्रशिक्षक कुबात आगायही गप्प होते. जिंकणाऱ्या घोड्याचे दात कोण मोजतो?

मग त्याच गटात आगायची भाची आली. कारण कुणी उघड बोललं नाही, पण आठवड्याभरात पेरिझातला सांगण्यात आलं की आता तू त्रेपन्नमध्ये खेळायचंस. चार किलो उतरव. रोटी, भात, बटाटा, शेवया, सगळं बंद.

“मग बळ कुठून आणू?” तिनं विचारलं.

“मांस खा. खात नसशील तर तुझं तू बघ,” आगाय म्हणाले.

तिनं आईला फोन लावला. “आपा, मांस नको, दूध नको, पीठ नको. पण अंगात ताकद हवी. असं काय असतं गं?”

“हवा,” सायराकान म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या.

हसून झाल्यावर सायराकान शोधायला लागली. तिनं मसूर पाठवली, चणे पाठवले. संघाचा डॉक्टर म्हणाला, यात ताकद आहे, पण पीठही तितकंच आहे. अक्रोड पाठवले, तर वजनाचा काटा खाली येईना. अळिंबीनं पोट भरलं, पण सरावाला पाय लटपटले. शहरातल्या चकचकीत दुकानातून तिनं बिनमांसाचं सॉसेज आणलं. आपल्या बहिणीच्या मुलीकडून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून घेतली, तर निम्मा बटाट्याचा स्टार्च. “चोर मेले!” म्हणून तिनं ते कुत्र्यापुढे टाकलं. कुत्र्यानं हुंगलं आणि तो निघून गेला.

समोरच्या घरात फातमे राहायची. ती डुंगन, म्हणजे चिनी वंशाची मुसलमान, सोयाबीनचं दूध फाडून त्याचं पनीर करून विकणारी. सायराकान तिच्याकडून पनीर घेऊ लागली. ते पेरिझातला मानवलं, पण रोज तेच खाऊन पोरगी कंटाळली. चावायला काहीतरी हवं, म्हणाली.

“चावायला? अगं बये, तुझ्या घरात पोतंभर मांस पडलंय!” फातमे म्हणाली.

“कुठं?”

“पिठाच्या पोत्यात. आण इकडे कणकेचा गोळा.”

तिनं घट्ट भिजवलेला गोळा पाण्याच्या परातीत बुडवला आणि चोळायला सुरुवात केली. पाणी दुधासारखं पांढरं झालं. ते ओतून नवं घेतलं, पुन्हा चोळलं. गोळा लहान लहान होत गेला आणि पाणी निवळलं तेव्हा हातात राहिलं ते रबरासारखं, तंतू सुटलेलं काहीतरी.

“पांढरं पाणी म्हणजे तुझं पीठ, ते गेलं. हा राहिला गव्हाचा दम,” फातमे म्हणाली. “वाफव, काप, लसणात आणि लाल मिरचीत परत. तुझ्या नवऱ्याला न सांगता वाढलंस ना, तर हाड मागेल.”

सायराकान दर सोमवारी डबा भरायची आणि बिश्केकच्या मिनीबसवाल्याकडे द्यायची. कणकेचं मांस, सोयाचं पनीर, भोपळ्याच्या भाजलेल्या बिया, कोबीचं लोणचं. जन्मभर जे पीठ तिनं जपून वापरलं तेच ती आता गटारात ओतत होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. वजन उतरत गेलं. पेरिझात फोनवर सांगायची, “आपा, आज सत्तावन्नवालीला उचलून टाकली!” सत्तावन्नवाली म्हणजे आगायची भाची. सायराकान मनातल्या मनात नाचायची.

निवड स्पर्धा तोंडावर आली तेव्हा दीड किलो उरलं होतं. सायराकानचं म्हणणं, अजून दोन आठवडे मिळाले असते तर तेही उतरलं असतं. पण आगायनी पोरीला प्लास्टिकचा सूट घालून वाफेच्या खोलीत बसवलं, पाण्याचा घोट बंद केला आणि वर गोळ्या दिल्या. वजन बरोबर भरलं. पहिली कुस्ती तिनं कशीबशी काढली. दुसरीत दोन्ही पोटऱ्यांना गोळे आले, प्रतिस्पर्धी पोरीनं हातही लावला नव्हता तोच ती मॅटवर कोसळली आणि तिला उचलून बाहेर न्यावं लागलं.

पंचांसमोर, पाहुण्यांसमोर आगायनी हात झटकले. “काय करणार? आईनं पोरीला गवत चारलं. गवत खाऊन मेंढी होते, पैलवान नाही.”

ते वाक्य पेरिझातच्या आधी तोकमोकला पोचलं.

घरी आल्यावर ती दोन दिवस नुसती पाणी पीत पडली होती. तिसऱ्या दिवशी तिनं आईला गोळ्यांचं सांगितलं. “अंगातलं सगळं पाणी काढतात त्या. डोळ्यांपुढे अंधार यायचा. मी म्हटलं नको, तर म्हणाले, मग जा आईकडे शेवया कापायला.”

सायराकाननं डोक्याला रुमाल बांधला आणि तडक बिश्केक गाठलं. आगाय सरावाच्या हॉलमध्ये होते. तिला बघून त्यांनी अदबीनं खुर्ची पुढे केली.

“या एजे, चहा घेणार?”

“चहा राहू दे. पोरीला काय दिलंत?”

“सगळेच देतात.”

“मी संघटनेत जाऊन सांगते.”

“सांगा ना.” आगायचा आवाज चढला नाही. “त्या गोळ्या बंदी घातलेल्या आहेत. तपासणी माझी होणार नाही, पोरीची होईल. चार वर्षं बाहेर बसेल ती. मी म्हणेन, मला काय ठाऊक, आईनं कुठली तरी औषधं दिली असतील. आधीच लोक म्हणताहेत की तुम्ही तिला काहीबाही खाऊ घालता. बघा, तुमची मुलगी आहे.”

 सायराकानला वाटलं, याच्या तोंडावर थुंकावं. पण तोंड कोरडं पडलं होतं. ती परत मिनीबसमध्ये बसली आणि घरी येऊन काही बोलली नाही.

जुमादिल मात्र बोलत होता, उठता-बसता. “माझी वाघीण होती. हिनं तिची मेंढी केली.” बाजारात गिऱ्हाइकं थट्टा करू लागली, “एजे, या शेवया खाऊन उठता येईल ना?” सायराकान म्हणायची, “हो गं बाई, चुकलंच माझं.” हजारदा म्हटलं की शब्दाला चव राहत नाही, असं तिला वाटलं होतं. पण राहायची.

हे सगळं तिनं गिळलं असतं. पण मग पेरिझात टीव्हीवर आली. जुमादिलनं शेजाऱ्यांना बोलावून टीव्ही मोठ्यानं लावला. आगायच्या शेजारी बसून पोरगी म्हणाली, “मी आईचं ऐकलं, ती माझी चूक झाली. आईला खेळातलं काही कळत नाही. आता मी आगायचं ऐकते. मांस खाते.” मग तिच्यापुढे घोड्याच्या मांसाची थाळी ठेवली आणि कॅमेऱ्याकडे बघत तिनं तुकडा तोंडात घातला. जुमादिलनं टाळ्या वाजवल्या. सायराकान पाहुण्यांसाठी चहा ओतत राहिली.

पुढच्या वर्षी पेरिझातनं आशियाई स्पर्धेत कांस्य आणलं. आगायना बढती मिळाली. घरी पुन्हा जेवणावळ झाली आणि पाहुणे पांगल्यावर, दुपारी, ती आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. गळ्यात पदक तसंच होतं.

“आपा, रागावलीस?”

“नाही.”

“मला तसं बोलावं लागलं, नाहीतर आगायनी बाहेर बसवलं असतं. तुला माहितीये.”

“माहितीये.”

पेरिझातनं दार लोटून घेतलं. “मला मांस अजून पचत नाही गं. चारचौघांत खाते आणि मोरीत जाऊन ओकते. आताही ओकूनच आले. तू ते कणकेचं पाठवशील का पुन्हा? वरून सॉसेजचा कागद गुंडाळ. आगायना कळता कामा नये.”

सायराकान भांडी विसळत होती. तिनं पातेलं पालथं घातलं, हात पुसले आणि पहिल्यांदा लेकीकडे नीट पाहिलं. गाल आत गेले होते, दातांची चमक गेली होती.

“टीव्हीवर काय म्हणालीस? आईला काही कळत नाही.”

“आपा...”

“मग न कळणाऱ्या बाईच्या हातचं कशाला खातेस? पाठवायचं तर उघड्या डब्यातून पाठवीन. झाकण काढून सगळ्यांसमोर खा. चोरून नाही.”

“तसं नाही करता येणार.”

“मग नाही.”

  सायराकाननं दुसरं पातेलं उचललं. संध्याकाळच्या गाडीनं पोरगी निघून गेली. त्यानंतर तिचे फोन येतात ते नवरोझला आणि ईदला, बापाच्या फोनवर.

फातमेला कळलं तेव्हा ती म्हणाली, “फार कडू झालीस गं तू. पोरच आहे ती.”

“झाले,” सायराकान म्हणाली.

“मी पाठवू का माझ्याकडून?”

सायराकान लाटण्यावर पीठ भुरभुरत होती. “तुझी मर्जी. मला सांगू नकोस,” ती म्हणाली आणि पोळी लाटायला लागली.