बारा फूट पाणी

"बारा फूट पाणी म्हणे! त्यातली एक स्वच्छ घागर तरी आणून दाखवा!" बायकोनं रिकामी घागर पुढ्यात आपटली, तेव्हा पट्टीवाल्याला तोंड लपवायला जागा उरली नाही.

तलावाच्या भिंतीवर आकड्यांची पट्टी रंगवलेली होती. रोज सकाळी पाणी कुठवर आलंय ते बघून वहीत लिहायचं, हे त्याचं काम. म्हणून तो पट्टीवाला. वरच्या टेकडीवरची झाडं तुटली तेव्हापासून दर पावसात माती वाहून येत होती. जाड वाळू तलावाच्या तोंडाशीच बसायची, बारीक गाळ पार भिंतीपर्यंत यायचा. तळ वर वर येत गेला आणि पाणी आपलं त्याच्यावर पसरलेलं. पट्टी बारा दाखवायची, तोही बारा लिहायचा. वहीत गाळाला रकानाच नव्हता, आणि रकाना नाही तिथं नाक खुपसायचा त्याचा स्वभाव नव्हता. आता विहिरी आटल्या, गावाला टँकर मिळेना, आणि फडक्यातून चारदा गाळलेलं चिखलपाणी पिऊन त्याच्या तान्ह्या नातवाचे जुलाब थांबेनात. लेकरू डोळ्यांदेखत सुकत चाललं होतं.

दुपारी टँकर मंजूर करणारे साहेब जीपमधून तलावावर आले. त्यांनी वही चाळली.

"तलाव तर भरलाय. टँकर कशाला?"

"साहेब, पाणी गुडघाभरच आहे. खाली सगळा गाळ."

"मग हे बारा कुणी लिहिलं?"

"मीच."

काठावर जमलेल्या गावकऱ्यांतून कुणीतरी शिवी हासडली. पट्टीवाल्याला रडू फुटलं. चपला काढून तो सरळ तलावात उतरला. गुडघ्यापर्यंत पाणी, आणि खाली पाय जातच राहिला. तो छातीपर्यंत आत गेला.

"बघा," साहेब काठावरून हसत म्हणाले, "बुडताय की!"

"बुडत नाही हो, रुतलोय! हातात घेऊन बघा, हे पाणी आहे का?" त्यानं ओंजळभर चिखल उचलून वर धरला.

चौघांनी दोर टाकून त्याला ओढून काढलं, तेव्हा साहेबांचं हसू मावळलं होतं. त्यांनी कागदावर दोन ओळी खरडून तो पुढं केला. "इतकी वर्षं तुम्ही चुकीची नोंद केली, असं लिहिलंय, सही करा. टँकर आजच येईल. तुमच्या नोकरीचं मात्र माझ्या हातात नाही."

"अहो, नोकरी गेली तर खायचं काय?" गर्दीतून पुढं आलेली बायको पुटपुटली.

"आधी नातवाला पिऊ तर दे."

त्याचे हात कोपरापर्यंत बरबटलेले होते. ते धुवायला ड्रायव्हरनं आपली पाण्याची बाटली दिली. पट्टीवाल्यानं ती बायकोच्या हातात ठेवली, "पळ घरी," म्हणाला, आणि तसल्याच हातानं सही केली.