पंचाची जागा

जसोदा गेल्यापासून रतिलालला गावातलं कुणी आवडेनासं झालं होतं, आणि गावालाही तो. सत्तावन्न सालच्या चैत्रात ती क्षयानं गेली. चार महिने ती खाटेवर होती. भावकीतल्या बाया दारापर्यंत यायच्या, नाकाला पदर लावून दोन शब्द बोलायच्या आणि अंगणातूनच परत फिरायच्या. तिचं थुंकीचं तस्त उचललं ते भिकुबाईनं. भिकुबाई म्हणजे रतिलालच्या सालदाराची, उखा भिलाची बायको.

जायच्या आधी जसोदानं त्याच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. भिकुबाईची पोर छबू शाळेत ओट्यावर बसते, तिला आत बसवायचं. रतिलालनं हो म्हटलं. मरणाऱ्या बायकोला नाही कोण म्हणतो? पण तो हो पाळणं सोपं नव्हतं.

कारण शाळेची जागा सरकारची नव्हती. तापीकाठच्या त्या गावात गुजरांनी पैसा गोळा करून एक लांबलचक दालन बांधलं होतं. लग्नाच्या पंगती तिथंच उठायच्या. एरवी रिकामं असतं म्हणून पंचानं ते शाळेला दिलं होतं. पंगतीच्या जमिनीवर बसायचं ते पंगतीतल्यांनीच, असा रिवाज. मग भिलांची पाच पोरं बाहेर ओट्यावर बसायची आणि दारातून दिसेल तेवढी शाळा शिकायची.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी शाळा कमिटी त्याच दालनात बसली. मोतीलाल पाटील अध्यक्ष, चुनीलाल दुकानदार आणि रतिलाल असे तिघं मेंबर. उदेसिंग गुरुजींनी धुळ्याहून आलेला जुना पेपर वाचून दाखवला. अमेरिकेत एका शहरात काळ्या लोकांची नऊ पोरं गोऱ्यांच्या शाळेत निघाली, तर गोऱ्यांनी वाट अडवली, शिव्या दिल्या. शेवटी सरकारला फौज पाठवावी लागली. बंदुकवाले शिपाई पोरांना वर्गापर्यंत पोचवत होते.

"थू त्यासना जिनगानीवर!" मोतीलाल म्हणाला. "आनि हाई लोके आपले शिकाडतस. लिखा गुरुजी, ठराव लिखा. आम्ही या गोष्टीचा धिक्कार करतो. परवा साहेब तपासणीला येणार आहेत, त्यांच्यापुढं ठेवू."

कागदाची भाषा आली की मोतीलाल शुद्ध बोलायचा.

"एकमतानं लिहू?" गुरुजींनी विचारलं.

"मन्हं मत नही," रतिलाल म्हणाला.

"काब्र? तुन्हा काय सासरा लागस का अमेरिकावाला?" चुनीलाल हसला.

"ओट्यावर कोन बठस, चुनीलाल?"

मोतीलालनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "ते येगळं शे. हाई पंचनी जागा."

"त्या गोराबी हाईच सांगत व्हतीन. जागा आमनी शे म्हनीसन."

"रतिलाल, जसोदा गयी ते तुन्हं डोकं बी संगे लई गयी का? क्षयवालीनं कायबी सांगं, तू गावले बाटाडशी?"

रतिलाल उठला. मोतीलाल त्याचा चुलतभाऊ, वयानं मोठा. म्हणून हात उचलला नाही, एवढंच. "तुन्ही मंगलाबाई दारथून फिरी गयी, ते नही बाटनी. जिनं तस्त उचलं तिन्ही पोर आत बठनी का तुम्ही बाटतस. उद्या मी छबूले आत बठाडसु."

"फौज मांगाड मंग अमेरिकाथून!" चुनीलाल मागून ओरडला.

सकाळी रतिलाल उखाच्या झोपडीकडं गेला. भिकुबाई नदीवर गेली होती. उखा औताच्या तयारीत होता. मालक सांगतो म्हटल्यावर त्यानं मान हलवली, त्या हलवण्यात हो होतं की नाही हे बघायला रतिलाल थांबला नाही. छबूला घेऊन तो शाळेत आला आणि पहिल्या रांगेत बोट दाखवून म्हणाला, "आठे बठ."

पोर बसली. शेजारच्या मुली सरकल्या. थोड्या वेळानं एकेक करून उठल्या. घरोघर बातमी पोचली तशा बाया दारात जमल्या. मोतीलालची मंगलाबाई पुढं होती. "उठा रे पोरंसवन! घर चला!" छबू सोडून दालन बघता बघता रिकामं झालं. गुरुजी फळ्यापाशी खडू हातात धरून उभे, जसं काही त्यांनाच शिक्षा झाली होती.

मग भिकुबाई धावत आली. रतिलालला वाटलं, ही तरी समजून घेईल. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमले कोनी सांगं हाई कराले?"

"जसोदाले जबान देल शे मी."

"बाईनी मांगं, तुमनी दिधं. मन्ही पोर, आनि माले कोनी इचारं?" तिचा आवाज चढला. "तुम्ही गुजर, तुम्ही आज भांडशात, उद्या एक पंगतमां बठशात. पाटीलनी आताच सांगं, मन्हा भाऊ कापूस येचाले नको येवाले. त्यान्ही पोरं काय खातीन? तुमनी जबान?"

बायकोला दिलेला शब्द रतिलाल सहा महिने एकटाच वाहत होता. त्याचं ओझं आणखी कुणावर पडेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. भिकुबाईनं दारातूनच हाक मारली, "छबू, ऊठ. घर चाल."

छबू उठली नाही. तिनं आईकडं पाहिलं, फळ्याकडं पाहिलं. "माय, आठेथून बठ्ठं दिखस," ती म्हणाली. "ओट्यावरथून अर्धंच दिखे."

भिकुबाईनं रतिलालकडं असं पाहिलं की शिवी बरी. पण पोरीला तिनं पुन्हा हाक मारली नाही. "शाळा सुटानी येल व्हयना का येसु," एवढंच म्हणून ती कामाला गेली.

आता मोतीलाल कुलूप घेऊन आला. "गुरुजी, बाहेर या. पंचाची जागा आहे, पंच बंद करत आहेत."

रतिलाल उंबऱ्यात बसला, एक पाय आत, एक बाहेर.

"मीबी पंचमां शे. लाव कुलूप. मन्हा पाय कापीसन लाव."

"कितला दिन बठशी असा?"

"मन्हा घरमां कोन वाट पाही ऱ्हायनं?"

मोतीलालनं कुलूप हातात दोनदा उलटंपालटं केलं. तो समोरच्या निंबाखाली जाऊन बसला, चुनीलाल त्याच्याजवळ. बायांनी अंगणातून बोलणं चालू ठेवलं. त्यांतले काही शब्द जसोदाच्या नावाचे होते. रतिलालनं ते सगळे ऐकले आणि जागचा हलला नाही.

आत गुरुजींनी घसा साफ केला. "पान काढ," ते हलक्या आवाजात म्हणाले. छबू वाचू लागली. एका शब्दावर अडली, गुरुजींनी सांगितला, पुढं गेली. रतिलालला वाटलं होतं, हे झालं की छातीवरचं काही उतरेल. तसं काही उतरलं नाही. उन्ह उंबऱ्यापर्यंत आलं. निंबाखालचे दोघं उठले नाहीत, आणि तोही नाही.